गावात येणारे ‘लिव्हर आणि मिनरल’ पॅकेज : काय घ्यावे आणि काय सोडावे

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा आणि घाटंजी यांच्या मधल्या आमच्या गावांत सध्या एका खासगी प्रयोगशाळेचे ‘लिव्हर आणि मिनरल’ तपासणी-पॅकेज बरेच खपते आहे. साडेतीन हजार रुपयांत यकृताच्या नेहमीच्या तपासण्या, रक्तपेशींची मोजणी, रक्तातील जस्त, तांबे, सेलेनियम, मँगनीज आणि लोह यांचे प्रमाण, फोनवरून सल्ला आणि शेवटी महिनाभर पुरेल अशी खनिज-कॅप्सूलची बाटली, असा हा ऐवज आहे. मी ते स्वतः घेतले, शेजारच्या दोन घरांतील अहवाल त्यांच्या संमतीने पाहिले, आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे गेलेली असल्यामुळे पत्रकातील विधाने एकेक करून तपासली. प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही, कारण याच धाटणीची पॅकेजे आता अनेक जण विकतात आणि माझे म्हणणे त्या सर्वांना लागू पडते. ते म्हणणे असे की मोजणी चांगली आहे, तपासण्यांची निवड अर्धवट आहे, आणि सोबतची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही घेऊ नये. गंमत अशी की ज्या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा दाखला देऊन पत्रकात ही कॅप्सूल खपवली जाते, ती का घेऊ नये याचे उत्तर त्याच शास्त्रज्ञाच्या पुढच्या कामात सापडते.

पत्रक लिहिणाऱ्याला आमचा भाग चांगला ठाऊक असावा. ‘शेताची माती तपासता, मग शरीर का नाही?’ या वाक्याने ते सुरू होते आणि ते वाक्य येथे बरोबर लागते. काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असूनही पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात, मग माती आरोग्य पत्रिकेवर ‘जस्त : कमी’ असे येते आणि शेतकरी कृषी केंद्रातून झिंक सल्फेटची पिशवी आणतो. हा अनुभव घरोघरी आहे. त्यामुळे रक्ताच्या अहवालावर ‘झिंक : लो’ असे लाल अक्षरांत दिसले की पुढची पायरी कोणी सांगावी लागत नाही. परंतु मातीतील जस्ताची जी मर्यादा आपण पाहतो, म्हणजे किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, ती पिकांवर प्रयोग करून, खत दिल्यावर उत्पादन किती वाढले ते पाहून ठरवलेली असते आणि माती सकाळी घेतली की दुपारी, याने तिच्यात फरक पडत नाही. रक्ताचे तसे नाही. शरीरातील बहुतेक जस्त स्नायू आणि हाडांत असते. रक्तद्रवात त्याचा फार थोडा अंश फिरतो आणि तोही जेवणानंतर, तापात, जंतुसंसर्गात किंवा अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन कमी झाल्यावर खाली येतो.

याचा प्रत्यय माझ्याच अहवालात आला. नमुना घेणारा मुलगा सकाळी साडेसातला येणार होता, तो दुपारी एकच्या पुढे आला. उपाशीपोटी किती थांबणार, म्हणून मी मधे जेवून घेतले होते आणि तसे त्याला सांगितलेही. अहवालात जस्त ६६ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले आणि त्यापुढे ‘कमी’ असा शेरा पडला. आंतरराष्ट्रीय जस्त-पोषण सल्लागार गटाने प्रौढ पुरुषांसाठी दिलेली खालची मर्यादा सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या नमुन्याला ७४, सकाळी खाऊन घेतलेल्या नमुन्याला ७० आणि दुपारच्या नमुन्याला ६१ अशी आहे. दुपारच्या मापाने माझे जस्त पुरेसे ठरते. नमुन्याची वेळ नळीवरच्या बारकोडात नोंदलेली होती, अहवालावर छापलेलीही होती, तरी शेरा मात्र सकाळच्या मापाने पडला. शिवाय हा गटच सांगतो की रक्तातील जस्ताचा आकडा लोकसमूहाची स्थिती पाहण्यासाठी उपयोगी आहे. एका माणसाचे निदान त्या एका आकड्यावर करू नये.

नमुना घेण्याचे काम मात्र वाखाणण्यासारखे होते. मुलगा पंचविशीचा, हात हलका, सुई आमच्यासमोर फोडली, हातमोजे बदलले. जस्तासाठी त्याने गडद निळ्या झाकणाची वेगळी नळी वापरली. ही बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण साध्या नळ्यांच्या रबरी झाकणातून जस्त रक्तात उतरते आणि आकडा फुगतो. निळ्या झाकणाच्या नळ्या सूक्ष्म मूलद्रव्यांपासून मुक्त ठेवलेल्या असतात. मोजणी ज्या उपकरणावर होते त्याचे नावही अहवालात दिले आहे. आयसीपी-एमएस ही पद्धत अशा मोजणीसाठी सर्वात भरवशाची मानली जाते. अडचण वाटेवरची आहे. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मोटारसायकलच्या डब्यातून नमुने पांढरकवड्याला, तेथून बसने नागपूरला जातात. लाल पेशी फुटल्या तर त्यांच्यातील जस्त बाहेर येते, आणि त्यांच्यातच यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे एसजीओटी हे विकरही असल्यामुळे यकृत निरोगी असूनही तो आकडा चढलेला दिसतो. शेजारच्या एका अहवालाच्या तळाशी ‘नमुना अंशतः हिमोलाइज्ड’ (म्हणजे काही लाल पेशी फुटलेला) अशी मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती आणि वरच्या पानावर त्याच नमुन्याच्या एसजीओटीभोवती लाल चौकट. असा नमुना पुन्हा घ्यायला हवा होता. तो कोणी घेतला नाही.

आता पत्रकातील शास्त्रज्ञाकडे वळतो. ‘भारतीय डॉक्टरने जगाला झिंकचे महत्त्व शिकवले’ असे तेथे लिहिले आहे आणि ते खरे आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले आणि पाटण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. आनंद प्रसाद अमेरिकेत शिक्षण पूर्ण करून १९५८ साली इराणमधील शिराझ येथे काम करू लागले. तेथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांच्या मुलाएवढा होता. वयात आल्याची लक्षणे नाहीत, रक्तात लोहाची तीव्र कमतरता, यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढलेली. तो जवळजवळ केवळ गव्हाच्या बिनआंबवलेल्या रोटीवर जगत होता आणि माती खात होता. अशा आणखी रुग्णांची नोंद करून त्यांनी १९६१ साली निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात शंका मांडली की केवळ लोहाच्या अभावाने वाढ इतकी खुंटत नाही, येथे जस्तही कमी असावे. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांवर प्रत्यक्ष मोजमापे करून त्यांनी ते सिद्ध केले. जस्त दिल्यावर ती मुले वाढली. त्या काळी माणसाला जस्ताची कमतरता होऊच शकत नाही असे बहुतेकांचे मत होते. १९७४ साली अमेरिकेत जस्ताची रोजची शिफारस प्रथमच ठरवण्यात आली, तोपर्यंत त्यांना बरीच थट्टा सोसावी लागली.

पत्रक येथे थांबते आणि ‘वाढलेले यकृत, कारण झिंकची कमतरता’ असा अर्थ वाचकाच्या हाती ठेवते. तो अर्थ बरोबर नाही. त्या तरुणांचे यकृत वाढण्यामागे एकच घटक होता असे म्हणता येत नाही, आणि यकृताच्या रोगात जस्त कमी होते ही गोष्ट बहुतेक वेळा उलट्या दिशेने घडते: आधी यकृत बिघडते, मग जस्त घटते. अमेरिकेतच बर्ट व्हॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवले होते की दारूमुळे यकृत घट्ट झालेल्या (सिरोसिसच्या) रुग्णांच्या रक्तात जस्त कमी असते आणि लघवीतून ते अधिक बाहेर पडते. अशा रुग्णांत जस्त देण्याला अर्थ आहे. अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या साखळीतील एका विकराला जस्त लागते, आणि यकृताच्या विकाराने भ्रम येणाऱ्या काही रुग्णांना डॉक्टर ते लिहूनही देतात. पण ते रोग माहीत असलेल्या रुग्णाला, ठरावीक मात्रेत. आमच्या गावात जलोदर झालेला माणूस पाहून कोणी सुदृढ मजुराला सहा महिने पाणी काढण्याच्या गोळ्या देत नाही.

आता कॅप्सूल. बाटलीवर प्रत्येक कॅप्सूलमध्ये ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम’ असे लिहिले आहे आणि दिवसाला दोन घेण्यास सांगितले आहे. आमच्या शेतकऱ्यांना हे गणित शिकवावे लागत नाही, कारण खताच्या पिशवीवर ते २१ टक्के आणि ३३ टक्के असे दोन प्रकारचे झिंक सल्फेट पाहून भाव करतात. शुद्ध मोनोहायड्रेटमध्ये वजनाच्या सुमारे ३६ टक्के जस्त असते. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये साधारण साडेबावीस, दोनांत पंचेचाळीस मिलिग्रॅम शुद्ध जस्त. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढ पुरुषांसाठी रोज १७ आणि स्त्रियांसाठी १३.२ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली आहे आणि वरची सुरक्षित मर्यादा ४० मिलिग्रॅम ठेवली आहे. भाकरी, तूर आणि चण्यातून येणारे जस्त न धरताच ही कॅप्सूल ती मर्यादा ओलांडते. एवढे जस्त चार-आठ दिवस घेतल्याने सहसा कोणाचे बिघडणार नाही. अतिसारात मुलांना १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त द्यावे, सहा महिन्यांखालील बाळांना १०, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००४ सालची शिफारस आहे आणि त्या गोळ्या आशाताईंकडे फुकट मिळतात. पण बाटली महिन्याची आहे आणि फोनवरचा सल्लागार ती सहा महिने चालू ठेवा असे सांगतो.

नेमक्या याच ठिकाणी डॉ. प्रसाद यांच्या पुढच्या कामाची गाठ पडते, आणि ती आमच्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. सिकलसेलच्या, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन फुटण्याच्या आनुवंशिक आजाराच्या, रुग्णांच्या लघवीतून जस्त जास्त जाते, त्यांची वाढ मागे पडते, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवले. त्यावरून ते आणि मिशिगन विद्यापीठाचे जॉर्ज ब्रूअर सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांना जस्त देऊ लागले. दिवसाला १५० मिलिग्रॅम जस्त दीर्घकाळ घेणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातील तांबे घसरले, लाल पेशी लहान झाल्या, पांढऱ्या पेशी कमी झाल्या. १९७८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. कारणही समजले: जस्त आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन वाढवते, ते प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवते, आणि काही दिवसांनी त्या पेशी झडल्या की तांबे विष्ठेबरोबर निघून जाते. जो दुष्परिणाम होता तोच ब्रूअर यांनी विल्सन रोगावर औषध म्हणून वापरला. या आनुवंशिक रोगात यकृत तांबे पित्तातून बाहेर टाकू शकत नाही आणि ते यकृतात, मग मेंदूत साचते. जस्तामुळे तांबे आत शिरतच नाही. जस्ताचा ॲसिटेट क्षार या रोगासाठी अमेरिकेत १९९७ साली मंजूर झाला. थोडक्यात, ज्याला पत्रक टॉनिक म्हणते ते योग्य मात्रेत एक औषध आहे, आणि औषधासारखेच ते कोणाच्या तरी शरीरातून काहीतरी काढून घेते. बाटलीवर तांब्याचेही दोन मिलिग्रॅम लिहिलेले आहेत. उत्पादकाला हा परिणाम ठाऊक असावा, असे त्यावरून वाटते.

परंतु तांब्याचा समावेश आणखी एक धोका उघडतो, आणि संपूर्ण पॅकेजमधील मला सर्वात खटकलेली बाब ही आहे. विल्सन रोगात यकृत तांब्याने भरलेले असते, तरी रक्तातील एकूण तांबे बहुधा कमीच येते. रक्तातील सुमारे नव्वद टक्के तांबे सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेले असते आणि या रोगात तेच प्रथिन कमी असते. कावीळ किंवा हात थरथरण्याची तक्रार असलेल्या एखाद्या मुलाने हे पॅकेज घेतले, त्याच्या अहवालात ‘तांबे : कमी’ आले, आणि सल्लागाराने तांबे असलेली कॅप्सूल दिली, तर रोगाला खतपाणी मिळेल. रोग दुर्मीळ आहे, साधारण तीस हजारांत एक. पण लवकर ओळखला तर उपचार होतो आणि उशीर झाला तर यकृत जाते. त्याच्या निदानासाठी सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पने बुबुळाच्या कडेचे हिरवट-तपकिरी वलय पाहणे असा मार्ग आहे. यातील एकही गोष्ट पॅकेजमध्ये नाही.

उलट बाजूने होणारा घोटाळा शेजारच्या घरात पाहिला. तेथील सून गरोदर आहे. तिच्या अहवालात तांबे ‘जास्त’ आले, आणि तिची सासू काळजीने माझ्याकडे आली: ‘गुरुजी, पोरीच्या रक्तात तांबं चढलं म्हन्ते तो फोनवाला. गुंडातलं पानी बंद केलं आमी. बाळाले काई होईन का?’ गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे सेरुलोप्लाझ्मिन वाढते आणि त्याबरोबर तांब्याचा आकडा वर जातो. हे अपेक्षितच आहे. नोंदणी करताना गर्भारपणाची माहिती अर्जात भरलेली होती. ती वाचून शेरा टाकण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर मला ग्राहक सेवेकडून मिळाले नाही.

तांब्याच्या भांड्याचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्रात झालेल्या एका कामाचा उल्लेख करतो, कारण सूक्ष्म मूलद्रव्ये आणि यकृत या विषयात इतके स्पष्ट यश क्वचित मिळाले आहे. लहान मुलांचे यकृत घट्ट होऊन ती दगावण्याचा एक विकार आपल्या देशात पूर्वी सर्रास दिसे. त्याला भारतीय बालयकृतकाठिण्य असेच नाव होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की बाळांना फार लवकर वरचे दूध सुरू होते, ते कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि साठवले जाते, आणि दुधातील प्रथिने त्यातील तांबे धरून बाळाच्या यकृतात नेतात. पुढे त्यांनी घरोघरी भांडी बदलण्याचा सल्ला देऊन पाहिला. भांडी बदलली, स्टील आले, आणि तो विकार आज जवळजवळ दिसेनासा झाला. या संशोधनात रोगी मुले आणि निरोगी मुले यांची तुलना होती, यकृताच्या तुकड्यातील तांब्याचे मोजमाप होते, आणि शेवटी उपाय करून पाहिल्याचा पुरावा होता. पॅकेजच्या पत्रकात त्याचा उल्लेख नाही. तेथे फक्त ‘तांब्याच्या भांड्यातील पाणी यकृत शुद्ध करते’ असे एक वाक्य आहे. मोठ्या माणसाने तांब्याच्या गुंडातील पाणी प्यायल्याने काही बिघडत नाही, पण त्याने यकृत शुद्ध होते याला आधार नाही आणि बाळाचे दूध मात्र त्या गुंडात कधी ठेवू नये.

सेलेनियमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्लाउस श्वार्त्झ यांनी १९५७ साली उंदरांवर दाखवले की विशिष्ट आहारावर त्यांच्या यकृताचा जो नाश होतो तो सेलेनियमच्या सूक्ष्म मात्रेने टळतो, आणि त्यापासून हे मूलद्रव्य विषाऐवजी पोषक म्हणून ओळखले जाऊ लागले. पण जास्त झाले तर केस आणि नखे गळतात, आणि ते थोडक्यातच जास्त होते. मँगनीजचा मात्र कॅप्सूलमध्ये समावेश का आहे हे मला कळले नाही. ते पित्तातून बाहेर पडते. यकृत घट्ट झालेल्या रुग्णांत ते साचून मेंदूच्या खोल भागात जाऊन बसते आणि एमआरआयमध्ये ते दिसतेही. ज्याचे यकृत खरोखर बिघडले आहे त्यालाच या ‘यकृत-शक्ती’ कॅप्सूलमधील मँगनीज सर्वांत कमी मानवेल.

लोहाचा भाग विदर्भाच्या दृष्टीने पॅकेजमधील सर्वांत मोठी त्रुटी आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली तेव्हापासून हा पट्टा ओळखीचा आहे, आणि आमच्या भागातील अनेक घरांत एएस (वाहक) किंवा एसएस (प्रत्यक्ष रुग्ण) पॅटर्नचे कोणीतरी असतेच. एसएस असलेल्या काही मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याचा मार्ग शरीराकडे नाही. ते यकृतात साचते. अशा मुलासाठी पाहायचे ते फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन. ते सतत १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर राहिले तर डॉक्टर लोह काढणाऱ्या औषधाचा विचार करतात. संसर्गात आणि वेदनेच्या झटक्यातही फेरिटिन वाढते, म्हणून एका आकड्यावर ते ठरवत नाहीत. पॅकेजमध्ये फेरिटिन नाही, फक्त रक्तातील लोह आहे, जे सकाळ-संध्याकाळ बदलते आणि साठ्याबद्दल फारसे काही सांगत नाही. आणि कॅप्सूलमध्ये लोह आहे. दुसऱ्या शेजारघरातील मुलगा एसएस आहे. त्याच्या रक्तातील लोह त्या दिवशी खालच्या बाजूला आले आणि त्याला लोह असलेली बाटली पाठवण्यात आली. त्याच्या अहवालातील थोडी वाढलेली अप्रत्यक्ष बिलिरुबिन (लाल पेशी मोडल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य) आणि एसजीओटी पाहून ‘लिव्हर वीक’ असा शेरा होता. लाल पेशी फुटण्याच्या या आजारात हे दोन्ही आकडे यकृताशिवायही चढतात, आणि वर सांगितलेला हिमोलाइज्ड नमुना याच मुलाचा होता. त्याच्या वडिलांनी ती बाटली उघडली नाही आणि अहवाल घेऊन ते जिल्हा रुग्णालयात गेले, हे योग्य झाले. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ पासून सुरू आहे आणि नोंद असलेल्या रुग्णाच्या तपासण्या तेथून होतात.

जे पॅकेजमध्ये नाही त्याबद्दलही सांगायला हवे. पाच खनिजे मोजणाऱ्या या ‘लिव्हर’ पॅकेजमध्ये कावीळ बी आणि सी यांची तपासणी नाही. यकृत घट्ट करणाऱ्या कारणांत हे दोन विषाणू, दारू आणि चरबी यांचा वाटा मोठा आहे, आणि २०१८ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विषाणूंची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अर्जात दारूविषयी एकही प्रश्न नाही. मोहाच्या दिवसांत आमच्या भागात तपासणीपेक्षा तो प्रश्न अधिक बोलका ठरेल. मात्र एक चांगली गोष्ट अहवालात दडलेली आहे. त्यात वय, एसजीओटी, एसजीपीटी (यकृताचे दुसरे विकर) आणि प्लेटलेट हे चारही आकडे असल्यामुळे यकृत किती घट्ट झाले असावे याचा अंदाज देणारा फिब-४ हा निर्देशांक कोणालाही काढता येतो: वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि प्लेटलेट व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. प्लेटलेटचा आकडा येथे हजारांत घ्यायचा, म्हणजे दोन लाख असतील तर २००. उत्तर १.३ च्या खाली आले तर यकृत बरेच घट्ट झाले असण्याची शक्यता कमी. पासष्ट वर्षांवरील माणसाला ही मर्यादा २ धरतात. नमुना खराब असेल तर हे गणितही चुकते. प्रयोगशाळेने हा एक आकडा छापला असता तर पाच खनिजांच्या चौकटींपेक्षा तो वाचकाच्या जास्त कामी आला असता.

आहाराविषयीचा सल्ला फोनवर मिळाला तो अगदी त्रोटक होता: ‘नॉनव्हेज खा, ड्रायफ्रूट खा.’ शिराझच्या त्या तरुणाचा आजार काही अंशी बिनआंबवलेल्या रोटीतील फायटेटमुळे होता, जे जस्ताला धरून ठेवते. ज्वारीच्या भाकरीतही फायटेट असतेच, पण आंबील करताना ज्वारीचे पीठ आंबते आणि मटकी-चण्याला मोड येतात तेव्हा ते कमी होते आणि जस्त अधिक शोषले जाते. हे सांगायला सल्लागाराला दहा रुपयेही लागले नसते. माती खाणाऱ्या गरोदर बायकांची चौकशीही तो करत नाही, जी डॉ. प्रसाद यांचे नाव घेणाऱ्याने पहिल्यांदा करायला हवी.

किमतीच्या दृष्टीने पाहता, यकृताच्या नेहमीच्या तपासण्या आणि रक्तपेशींची मोजणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून विनाशुल्क होतात. अहवाल यायला वेळ लागतो आणि मधे सुट्ट्या आल्या तर आणखी लागतो. नागपूरच्या फेरीचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरली तर घरी येऊन नमुना नेण्याला मी नावे ठेवणार नाही. आजारी वृद्ध किंवा अंथरुणावरचा माणूस घरात असेल तर त्याची किंमत मोठी आहे. डॉक्टरांनी जस्त किंवा तांबे मोजायला सांगितले असेल तर मोजणीची पद्धत येथे विश्वासार्ह आहे, आणि सकाळीच, उपाशीपोटी, निळ्या नळीत नमुना घ्यायला लावणे हे आपल्या हातात आहे. सेरुलोप्लाझ्मिन आणि फेरिटिन वेगळे पैसे भरून मागवता येतात. त्याशिवाय केवळ काळजीपोटी पाच खनिजांचे आकडे मागवू नयेत. आणि कॅप्सूल नको असे नोंदणीच्या वेळीच सांगितले तर बिलातून सहाशे रुपये वजा होतात. मुलगा नमुना घेऊन गेल्यावर सांगितले तर होत नाहीत.